उलबूबूच्या दगडातला डोळा

मामासाली पोटासाठी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, पण बातकेनच्या त्या डोंगराळ गावात सगळे त्याला प्रोफेसरच म्हणायचे. गावचं वाचनालय बंद पडलं तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, यानं पुस्तकं नेली. माशाला पाय कसे फुटले, घोड्याच्या बोटांचा खूर कसा झाला, असली पुस्तकं. तेलकट हातांनी वाचून वाचून त्यांची पानं सुटली होती. माणूस वाईट नव्हता हो! फक्त "मला माहीत नाही" एवढं वाक्य त्याच्या तोंडून जन्मात निघालं नव्हतं.

शेजारची उलबूबू मेंढ्या राखायची. शाळेत चार वर्षंच गेलेली, पण नजर घारीची. डोंगरात काही नक्षीचा दगड दिसला की आणून त्याच्यापुढे टाकायची. त्या वसंतात तिनं एक पातळ फरशी आणली, तिच्यावर लांब लांब पाती उमटलेली. चहाखान्यात आठ-दहा जण बसले होते. मामासालीनं चष्मासुद्धा लावला नाही.

"नेच्याचं पान," तो म्हणाला. "ढीगभर चित्रं आहेत माझ्याकडे असली."

"पान कसलं? हा बघ डोळा. आणि हा जबडा."

"पानाला डोळा! आपा, उद्या जर्दाळूला मिशा दाखवशील!"

सगळा चहाखाना खो-खो हसला. उलबूबूचं तोंड एवढंसं झालं. फरशी घरी नेऊन तिनं तंदूरच्या खालच्या भोकाला झाकण म्हणून लावली. आठवड्याभरात आचेनं तिच्या ठिकऱ्या उडाल्या आणि राखेबरोबर उकिरड्यावर गेल्या.

पानगळीच्या दिवसांत राजधानी बिश्केकहून एर्मेक नावाचा, दगडांत उमटलेल्या जुन्या जीवांचा तज्ज्ञ आला. मामासालीनं हौसेनं मेंढा कापला, गाव जेवायला बोलावलं. चहा होता होता एर्मेकनं इथल्याच डोंगरात सापडलेली एक फरशी कापसातून काढली. तिच्यावर उमटलेला सरड्याएवढा प्राणी, पाठीवर लांब लांब पाती.

"असला जीव मी आजवर पाहिला नाही," तो म्हणाला. "पण दगड मधोमध उकललाय. डोकं दुसऱ्या तुकड्यावर राहिलं, आणि तो कुणीतरी उचलून नेलाय."

मामासालीच्या काळजात धस्स झालं. ती पाती त्यानं बघताक्षणी ओळखली. बोल रे बाबा, आता तरी बोल! पण छे, त्याची जीभ काही हलेना.

"तो मी नेला, बाळा," चहा ओतता ओतता उलबूबू म्हणाली. "अडाणी मेली मी. पान समजून तंदूरला लावला, फुटला."

"अगं, प्रोफेसरला तरी विचारायचंस!" चहाखान्यात सगळ्यात मोठ्यानं हसलेलाच एक जण ओरडला. उलबूबूनं मान वर केली नाही.

तेवढ्यात मेंढ्याच्या मुंडक्याचं ताट आलं. तो मान पाहुण्याचा, पण एर्मेकनं ते दोन्ही हातांनी मामासालीपुढे सरकवलं. "दादा, हे तुमचं. एवढी पुस्तकं सांभाळलीत तुम्ही."

मामासालीनं सुरी उचलली आणि हात थबकला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला. तो उठला, ताट उचललं आणि नेऊन उलबूबूपुढे ठेवलं. बाईपुढे मुंडकं? म्हातारे कुजबुजायला लागले.

"खोटं बोलतेय ती," त्याचा आवाज चिरकला. "पान मी म्हटलं. तिला डोळा दिसला होता, जबडा दिसला होता. मी चष्मासुद्धा लावला नाही. वर चारचौघांत तिला हसलो."

एर्मेक वही काढून उलबूबूजवळ सरकला. "आपा, काय काय दिसलं होतं तुम्हाला? आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? सहा दिवस झोळीत घेऊन हिंडले मी."

तिनं एका थाळीत पीठ पसरलं आणि बोटानं रेघा ओढायला लागली. आधी नाकाड, मग डोळा, मग जबड्यातले बारीक दात, एकेक मोजून. एर्मेक भराभरा उतरवून घेत होता, मध्येच थांबवून पुन्हा विचारत होता. मामासाली मान खाली घालून बसला होता. वीस वर्षं ती त्याच्याकडे दगड आणत होती, आणि तुला काय दिसलं, असं त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं.