बाच्या सरणाची बाभूळ

आमच्या तांड्यात म्हातारा माणूस धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, एक झाड आपल्या सरणासाठी राखून ठेवतो. तो अंथरुणाला खिळला की पोरांनी ते तोडून वाळत घालायचं, अशी रीत. माझ्या बानं बाभूळ राखली होती. येता-जाता तिच्या बुंध्यावर थाप मारायचा.

दोन-तीन वर्षांमागे महागावहून जीपमधून एक साहेब आला. दूरच्या कुठल्याशा कारखान्यासाठी तो कार्बन क्रेडिट गोळा करत होता. म्हणाला, कारखाना आपला धूर कमी करणार आहे. जो उरेल त्याच्या बदल्यात तुमची झाडं दाखवणार. झाडं तोडायची नाहीत, दरवर्षी हप्ता मिळेल.

"धूर कमी कधी करणार?" मी विचारलं.

"प्लॅनमध्ये आहे ना."

मी वणीला कोळशाचा ट्रक चालवतो. कुठल्याही कारखान्याची मागणी टोपलीभरानं घटलेली मी पाहिली नाही. पण बानं हौसेनं सगळी झाडं दाखवली, बाभूळसुद्धा. मी टोकलं, तर माझ्यावरच उखडला. "आंब्याचा बहार इकला म्हून झाड जाते काय? हवा त्याईची, लाकूड आपलं." व्यापाऱ्याला बहार देण्याचा व्यवहार त्याला ठाऊक होता, हाही तसाच वाटला.

यंदा उन्हाळ्यात बानं अंथरूण धरलं. मी कुऱ्हाड घेऊन धुऱ्यावर गेलो, तर अर्धा तांडा आधीच तिथं उभा. माझ्या सख्ख्या काकानंच कुऱ्हाडीचा दांडा धरला.

"नको तोडू ना रे. वरतून फोटो निघते म्हंते. एक झाड गेलं त सगळ्याइचा हप्ता बंद."

साहेब समोर असता तर त्याची गचांडी धरली असती. काकाला काय बोलणार? त्याची नात त्याच हप्त्यावर पुसदला शिकते. कुऱ्हाड खाली ठेवली.

घरी बा खाटेवर कान देऊन पडला होता. "तोडली काय?"

"तोडली. वाळत घातली."

"मंग बरं," म्हणून तो भिंतीकडे वळला.

बा पावसाळ्यात गेला. प्रत्येक घरानं पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, भारा आणला. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. पऱ्हाटी भडकते आणि लगेच विझते, म्हणून जुने टायर रचले, वर डिझेल ओतलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो, तर बा पुरता जळला नव्हता. काका मटकन खाली बसून रडायला लागला. मी डिझेलचा डबा आणायला परत गेलो.