बियाण्याच्या कणगीतली बाटली

सासूबाईंनी माझी बाटली बियाण्याच्या कणगीत पुरली, हे मला कणगीचं तोंड शेणामातीने लिंपून झाल्यावर कळलं. तेही त्यांनीच सांगितलं, भाकरी थापता थापता, अगदी मजेत.

मुरबाडच्या आत आमचं गाव. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. लग्नानंतरही मी जीपने कल्याणला जाऊन एमएस्सी करत होते आणि ते त्या बाईच्या डोळ्यांत खुपत होतं. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्या बाटलीत होता. उरणहून आणलेलं समुद्राचं पाणी आणि त्यात एकेकट्या असताना डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण सगळ्या मिळून पाणी हिरवं करणाऱ्या वनस्पती. पाण्यात विरघळलेला कर्बवायू घेऊन त्या उजेडात आपलं अन्न करतात, म्हणून मी बाटली खिडकीत ठेवायचे. सासूबाई तिला गटार म्हणायच्या.

"आई, ती मरेल अंधारात. मला परीक्षेला दाखवायचीय. नाहीतर वर्ष जाईल माझं."

"जाऊ दे. तेवढं घरात बसशील." भाकरी तव्यावर पडली. "बियाण्याची कणगी आखाजीला उघडायची. त्याआधी हात लावलास तर बरकत जाईल, सांगून ठेवतंय."

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, परीक्षेनंतर होती. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बियाण्यात खारं पाणी ठेवताना मात्र बरकत कुठे गेली होती कोण जाणे! नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "एवढ्याशा पाण्यासाठी कशाला आईच्या तोंडी लागतेस?" त्याचाही असा राग आला की महिनाभर मी त्याच्याशी धड बोलले नाही.

बाटली दिवाळीनंतर कोंडलेली. होळी झाली. परीक्षा तोंडावर आली. एका दुपारी सासूबाई ओटीवर बसलेल्या असताना मी कोयता घेतला आणि त्यांच्या देखत कणगीचं तोंड फोडलं. त्यांनी असा गळा काढला की अख्खी आळी गोळा झाली. मी कोपरापर्यंत भातात हात घालून बाटली वर ओढली.

पाणी पांढरट. तळाला तपकिरी गाळ. हिरवं काही नाही.

"मेलं ना?" सासूबाई म्हणाल्या. "घर पण नासवलंस आणि हाती काय नाय."

बाटली अंगणात उन्हात ठेवली आणि आत जाऊन रडले. संतापाने रडले. तरी रोज सकाळी ती हलवायचे. येणारी-जाणारी हसायची. सासूबाई विचारायच्या, "काय गो, उठलं का तुझं मढं?"

उठलं! आधी काचेला पोपटी झाक आली, मग सगळं पाणी हिरवं झालं. मी कॉलेजात जाऊन पुस्तकं उपसली. उजेड गेला की ह्या जाती आधी साठवलेलं अन्न पुरवून पुरवून वापरतात. मग काही जणी मेलेल्यांच्या अंगातून पाण्यात उतरलेली साखर शोषून कर्ब मिळवतात. बाकीच्या जाड कवच करून तळाला पडून राहतात. मी प्रकल्पाचा विषयच बदलला: काळोखात ह्या कशा तगतात.

परीक्षेच्या सकाळी बाटली पिशवीत घालून निघाले. सासूबाई दारात आडव्या उभ्या. "आल्यावर कणगी लिंपायची हाय तुला."

"बाटली ज्याने कोंडली त्याने लिंपावी," म्हटलं आणि त्यांच्या बाजूने बाहेर पडले.

दोघा परीक्षकांपैकी एकांनी बाटली उजेडाकडे धरली. प्रकल्प चाळला. म्हणाले, "छान. पण इतके महिने इतका पक्का काळोख कुठल्या प्रयोगशाळेत मिळाला तुम्हाला?"

"सासरी, सर."

दोघेही परीक्षक खो खो हसले. मी हसले नाही.