थाई फिटरच्या सुट्ट्या

नव्वदच्या दशकात मी डहाणूच्या एका फुग्यांच्या कारखान्यात टायपिस्ट होते. नवं यंत्र बसवायला थायलंडहून एक फिटर आला होता. कामाला वाघ, पण सुट्टी म्हणजे सुट्टी.

एक जानेवारीला नवीन वर्ष म्हणून तो आला नाही. एप्रिलमध्ये पुन्हा म्हणाला, "कल से हमारा नया साल." शेठ चक्रावले.

"जानेवारीत झालं ना?"

"वो सबका. ये हमारा."

मे महिन्यात पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्याने परत सुट्टी मागितली, तेव्हा शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हा माणूस दुसऱ्याच्या कारखान्यात काम करते. उद्या जरा बघून या. तुम्ही बाईमाणूस, कोणाला शंका येणार नाय."

मलाही त्याचा भरवसा वाटत नव्हता. एप्रिलच्या सुट्टीत झाकणाची बादली घेऊन रिक्षाने खाडीकडे जाताना मी त्याला पाहिलं होतं. किनाऱ्यावर तेव्हा कोणी परका दिसला की लोक स्मगलिंगचंच नाव घ्यायचे.

सकाळी निघताना नवरा म्हणाला, "आज बुद्धपौर्णिमा. आम्हाला कचेरीला सुट्टी आहे, तुम्हाला कशी नाही?" मी कोळ्यांची धाकटी डहाणू गाठली.

खाडीच्या काठावर खेकडे विकणाऱ्या कोळणींनी त्याला घेरलं होतं. एका मावशीने त्याची बादली हिसकावून घेतली होती. ती मला ओळखून ओरडली, "बाई, हा तुमच्या कारखान्यातला ना? माझ्याकडून चिंबोऱ्या घेतल्या, नांग्यांचे दोरे कापले नि पाण्यात सोडल्या! विकत घेऊन कोणी सोडतं का? काय विषबिष चारलंय त्यांना, विचारा!"

मी विचारलं. तो हात जोडून म्हणाला, "आज बुद्ध का दिन. जीव छोडना अच्छा."

मावशी भडकली. "मग मी धरते ते वाईट?"

"नहीं, नहीं. मेरा मां भी मच्छी बेचता."

"खोटं बोलतोय," मावशी म्हणाली, पण बादली त्याला परत दिली.

शेठना हे सांगितलं, तर ते माझ्याकडेच संशयाने बघायला लागले. "चिंबोऱ्या? नक्की?"

आषाढी पौर्णिमेला त्याने पुन्हा सुट्टी घेतली. या वेळी शेठ स्वतः गाडी काढून निघाले, मला बरोबर घेतलं. तो खाडीच्या उतारावर वाकून दोरे कापत होता. थोडं खाली, प्रवाहाच्या वाटेवर, तीच मावशी जाळं लावून बसली होती. त्याने ते पाहिलं. बादली उचलली आणि चिखल तुडवत जाळ्याच्या पलीकडे गेला.

शेठ गाडीतून उतरून मावशीकडे गेले. मी त्यांना इतकं चिडलेलं क्वचितच पाहिलं होतं.

"अगं बाई, आज गुरुपौर्णिमा! आजचा दिवस तरी जाळं काढ की!"

मावशीने पदर खोचला. "शेठ, तुमचा कारखाना बंद हाय का आज?"

शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "चला, माल भरायचाय."

वाटेत ते म्हणाले, "माणूस सरळ आहे." गाडी कारखान्याच्या गेटात वळवताना म्हणाले, "पण दिवाळीत काय मागेल, कोण जाणे."