चांगल्या पायाला पट्टी

सिद्धेशच्या डाव्या गुडघ्याला क्रेप बँडेज होतं आणि डावा गुडघा ठणठणीत होता. मी तो वाकवला, फिरवला, दाबला. दर वेळी तो 'आई गं' म्हणाला, पण जरा उशिरा. खरं दुखणं एवढा विचार करत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. काही वर्षं एका कबड्डी संघाबरोबर फिरले, आता कुडाळला माझं क्लिनिक आहे. सिद्धेश कुणकेश्वरचा. मोठ्या लीगमध्ये रेडर, म्हणजे समोरच्यांच्या हद्दीत शिरून गडी बाद करून परत येणारा. त्याच्या मॅनेजरचा सकाळीच फोन आला होता.

"मॅडम, सोमवारपासून कॅम्प आहे. फिटनेस सर्टिफिकेट तेवढं द्या. किरकोळ गुडघा आहे."

किरकोळ गुडघा मी अजून पाहिलेला नाही.

दोन्ही पाय टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा खटकलं. उजवी मांडी डावीपेक्षा बारीक होती. गुडघा बिघडला की शरीर तो पाय जपून वापरतं आणि मांडीचा स्नायू सुकत जातो. उजवा गुडघा जरा सुजलेलाही होता. म्हणजे बिघाड उजवीकडे आणि पट्टी डावीकडे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"पट्टी या पायाला का रे?"

तो हसला. "सवय, मॅडम. पट्टी बऱ्या पायाक बांधूची. समोरचे पट्टी बघून त्याच पायाक हात घालतत."

कबड्डीतली ही युक्ती मला माहीत होती. मैदानात मी तिचं कौतुकही केलं असतं.

"पण इथे कशाला?" मी म्हटलं. "हयसर तुझे समोरचे कोण नाय रे."

"तुमीच समोरचे, मॅडम. तुमी पाय धरल्यात तर मी भायर."

राग यायला हवा होता. आला नाही, कारण तो खरं बोलत होता. कोच, डॉक्टर, फिजिओ ही सगळी त्याला बाहेर बसवू शकणारी माणसं. त्यांना दुखणं सांगायचं म्हणजे आपल्या हाताने आपली जागा दुसऱ्याला द्यायची.

मी उजवा पाय घेतला. नडगी दोन्ही हातांनी धरून पुढे ओढली. गुडघ्याच्या आत एक लिगामेंट असतं. मांडीच्या हाडाला नडगीशी बांधून ठेवणारी दोरी समजा. ती शाबूत असेल तर ओढताना कुठेतरी अडतं. सिद्धेशची नडगी सैल ड्रॉवरसारखी पुढे आली.

"दुखतंय?"

"नाय."

"आता?"

"जराय नाय."

सुजलेल्या गुडघ्याची एवढी ओढाताण केली की माणूस टेबलावरून उठतो. त्याच्या त्या 'नाय'ने मला धडकीच भरली.

"दुखू नये म्हणून काय घेतलंयस?"

त्याने दाराकडे पाहिलं. दाराशी त्याची आई बसली होती. तीच बोलली.

"सकाळी उठल्याबरोबर गोळी घेता. नाय घेतली तर घामान भिजता, हात थरथरतत, माझ्या अंगार येता. माझो झील असो नव्हतो ओ."

सिद्धेशने खिशातून पाकीट काढलं. ट्रॅमाडॉल. गेल्या सीझनला खांदा दुखावला तेव्हा संघाच्या डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरती दिली होती. खांदा बरा झाला, गोळी राहिली. हे अफूच्या कुळातलं औषध. योग्य वेळी, योग्य माणसाला ते मोठा आधार असतं. पण पुढे तेवढ्याच गोळीने भागत नाही. माणूस वाढवत जातो. मग दुखतं म्हणून नव्हे, तर तिच्याशिवाय अंग चालत नाही म्हणून घ्यावी लागते. खेळाडूंना सामन्याच्या दिवशी तर तिच्यावर बंदीच आहे.

"डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही मिळत नाही. तुला कोण देतं?"

"माका कोण चिठ्ठी मागता, मॅडम? सगळे आपलेच."

हे त्याने अभिमानाने सांगितलं. टीव्हीवर दिसणारं आपलं पोर औषधांच्या दुकानात आलं की आधी सेल्फी, मग गोळी. आपल्या माणसाला नाही कोण म्हणणार? मला त्या प्रेमाचा संताप आला.

मी त्याला आरशासमोर उजव्या पायावर उभं केलं. "हळूच खाली बस." तो अर्धा वाकला, गुडघा आत वळून घसरला, आणि कोसळण्याआधी मी त्याला धरलं. आई ओरडली. तो आरशातल्या आपल्या पायाकडे बघत राहिला.

"माका कळलाच नाय," तो म्हणाला.

"तेच सांगतेय."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "तरी सही करा, मॅडम. माका दुसरा कायच येणा नाय."

मी मॅनेजरला फोन लावला आणि स्पीकर ऑन केला.

"लिगामेंट गेलेलं दिसतंय. मी सही करणार नाही."

"पण तो म्हणतो, दुखत नाही!"

"म्हणूनच."

"मॅडम, एवढा सीझन ओढू. ऑपरेशन नंतर करता येईल. गोळ्या आहेतच ना."

"नाही."

तो अगदी सहज आवाजात म्हणाला, "ठीक आहे. रिप्लेसमेंट रेडी आहे. त्याला काळजी घ्यायला सांगा."

हाच मॅनेजर त्याला 'आमचा वाघ' म्हणायचा. सिद्धेश आरशासमोरून वळला आणि लंगडत बाहेर गेला. त्याला वाईट वाटत होतं आणि मलाही.

एमआरआयने माझी शंका खरी ठरवली. ऑपरेशन कोल्हापूरला झालं, तेही नीट. गोळी सुटणं मात्र जड गेलं. असली गोळी एकदम बंद करायची नसते. ते माझं कामही नव्हे, म्हणून मी त्याला इथल्याच एका फिजिशियनकडे पाठवलं. त्यांनी डोस हळूहळू उतरवला. मध्येच सिद्धेश चोरून पुन्हा गोळ्या घेऊन आला. त्याची आई बाजारात मासळी विकते, तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. ती दुकानादुकानांत जाऊन सांगून आली, "माझ्या झिलाक गोळी दिल्यात तर माझ्याशी गाठ आसा." चिठ्ठीने जे व्हायला हवं होतं, ते तिने केलं.

लीगने त्याला परत घेतलेलं नाही. पुढे घेईल का, मला माहीत नाही.

ऑपरेशननंतर गुडघा वाकवायचा व्यायाम असतो. गोळी चालू होती तोवर तो त्यातही हसायचा. एका दुपारी मी नेहमीसारखा पाय मागे दाबला आणि तो "आवशीचो घो!" म्हणून असा किंचाळला की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखता! मरतंय मी!"

मला इतका आनंद झाला की हसूच आवरेना. तो आणखी चिडला. नव्या ज्युनियर्सना मी आता एवढंच सांगते, ओरडणाऱ्या पेशंटला घाबरू नका. हसत हसत 'काही नाही' म्हणणाऱ्याला पुन्हा टेबलावर झोपवा.