उकळून उरलेलं विष

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या वर्गातून एकीलाच आपल्या प्रयोगाचं पोस्टर घेऊन नागपूरला विज्ञान परिषदेत जायचं होतं. मला जायचं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. सालेकसाहून रोज रेल्वेनं गोंदियाला यायची. माझ्या शेजारच्या टेबलावर एका डॉक्टरांची मुलगी काम करायची. तिचा ॲप्रन रोज इस्त्रीचा असे, आणि मी रोज तो बघायची.

प्रयोग दोघींचा एकच, पण पेशी ठेवायच्या छोट्या खळग्यांच्या प्लेट वेगळ्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जिवाणूंचं विष मिळालं की त्या एक प्रथिन बाहेर सोडतात. ती त्यांची हाक. ती ऐकून आणखी पेशी धावतात, सूज येते, ताप चढतो. अर्ध्या पेशींना विष द्यायचं, अर्ध्यांना नुसतं पोषक द्रव. शेवटी प्लेटमध्ये त्या प्रथिनानं रंग बदलणारं रसायन घालायचं; हाक जितकी मोठी, तितका रंग पिवळा.

द्रवासाठी मी पाणी दोनदा उकळलं. तरीही माझी सगळी प्लेट पिवळी झाली. विष न दिलेल्या पेशीही ओरडल्या होत्या. तिची अर्धी प्लेट मात्र स्वच्छ.

मी मॅडमना म्हणाले, "माझ्या प्लेटला कोणीतरी हात लावला."

मॅडमनी विचारलं, "पाणी कोणतं घेतलं?"

"उकळलेलं."

शेजारच्या टेबलावरून ती म्हणाली, "मी इंजेक्शनचं घेतलं. पप्पा बोलले, तेच घे."

उकळल्यानं जिवाणू मरतात, पण त्यांच्या कवचाचे तुकडे पाण्यात राहतात, आणि पेशी त्या तुकड्यांनाही ओळखतात; इंजेक्शनच्या पाण्यातून ते काढलेले असतात, असं मॅडमनी सांगितलं. माझे कान गरम झाले.

ते पाणी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. मीही आणलं असतं. पण तिला जेवताना विचारायला घरात माणूस होता. मी घरी सांगितलं तर आई म्हणाली, "पानी उकळलं ना? मंग मेलं सारं. काऊन रडून राहिली?"

नागपूरसाठी नाव तिचंच गेलं. माझी बिघडलेली प्लेटही पोस्टरवर दाखव, असं मॅडमनी तिला सांगितलं. म्हणून ती माझ्याकडे आली.

"ए, तुझ्या प्लेटचं समजव ना यार. तिथं कोणी विचारलं तर?"

"पप्पांना विचार."

"विचारलं. त्यांना पण नीट सांगता नाही आलं."

हे ऐकून मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

"पोस्टरवर माझं नाव टाकशील?"

"टाकते ना, त्यात काय!"

"तुझ्याएवढ्याच अक्षरात."

ती हसली. मी हसले नाही. तिनं माझ्यासमोर नाव टाईप केलं, तेव्हा मी स्क्रीनवर अक्षरांच्या आकाराचा आकडा वाकून बघितला. मग तिला सगळं समजावलं, दोनदा, काही न लपवता.

ती नागपूरला गेली, त्या दिवशी मी गोंदियाला आलेच नाही.