राहणार: फिरस्ता

आमच्या खात्यातली निवृत्त माणसं आठवणी लिहायला बसली की ‘ती घटना आजही आठवते’ असं म्हणून सुरुवात करतात. मलाही एक घटना आठवते. पण इतरांना गुन्हा उलगडल्यामुळे आठवते आणि मला उलगडल्यावरच जास्त गोंधळ झाला म्हणून आठवते. नावं सांगणार नाही, गावही सांगणार नाही. लांज्याच्या अलीकडे महामार्ग सोडून आत गेलं की लागणाऱ्या वाड्यांपैकी एक, एवढं पुरे.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी माझ्याकडे आली होती. बेघर माणसांवर संशोधन करते. माणसं बेघर का होतात, झाल्यावर त्यांचं काय होतं, कुठल्या देशातलं सरकार काय करतं, असा तिचा अभ्यास. मला म्हणाली, “काका, रत्नागिरीत बेघर लोक दिसतच नाहीत. तुमच्या नोकरीत कधी संबंध आला?” मी ठसक्यात ‘नाही’ म्हणणार होतो. तेवढ्यात ती बाई आठवली आणि शब्द तोंडातच राहिला.

खबर दिली ती आंब्याच्या बागेवरच्या नेपाळी गुरख्याने. मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपवून बसलो होतो, तर हा दारात उभा. “साब, बाजू की वाडी में जो बंद घर है ना, उस में एक बाई रहती है. रोज आंगन झाडती है.” घराचे मालक मुंबईला आणि दाराला कुलूप, हे त्याला ठाऊक होतं. स्टेशन डायरीला नोंद केली आणि गावच्या पोलीस पाटलांना फोन लावला.  पाटील हळू आवाजात म्हणाले, “सायेब, तिकडं जाव नका. तिथं बाई नाय, राखणदार हाय.”

राखणदार म्हणजे गावाच्या शिवेची, घरादाराची राखण करणारा. दिसत नाही, पण असतो, अशी आमच्याकडे श्रद्धा. मीही कोकणातलाच, त्याला वर्षाचा मान देणाऱ्या घरात वाढलेला. त्यामुळे मला हसू आलं नाही. पाटलांनी सगळं सांगितलं. घर बंद झाल्यावर काही महिन्यांनी शेजारणीला तिन्हीसांजेला फटीतून दिव्याचा उजेड दिसला. ती घाबरली. पुढच्या अमावास्येला तिने अंगणाच्या कोपऱ्यात केळीच्या पानावर भात आणि खोबरं ठेवलं. सकाळी पान साफ. मग काय! वाडीत बातमी पसरली. कुणी सुनेच्या बाळंतपणासाठी पान ठेवलं, कुणी कोर्टातल्या तारखेसाठी. पाटलांनी स्वतः पोराच्या नोकरीसाठी ठेवलं. “आनि नोकरी लागली, सायेब,” ते म्हणाले.

कुत्री-मांजरं खात असतील, असं मी म्हटलं. पाटील जरा दुखावले. “कुत्रा पान धुवून उपडा घालून ठेवता काय?”



त्याच संध्याकाळी हवालदार, एक महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन गेलो. वाडीतली माणसं कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. पुढल्या दाराचं कुलूप गंजलेलं, पण शाबूत. खिडक्या बंद. कौलं जागच्या जागी. अंगण मात्र शेणाने सारवलेलं आणि तुळशीपुढे रांगोळीची चार बोटं. मागल्या दाराला आतून आडणा, म्हणजे लाकडाची आडवी दांडी. घरफोडीच्या गुन्ह्यात आम्ही आधी बघतो, आत शिरलं कुठून. इथं शिरायला वाटच नव्हती. हवालदार जुना माणूस, पण तोही दोन पावलं मागे सरला. “साहेब, पाटील म्हणतात ते...” “गप रे,” मी म्हटलं. पण माझाही आवाज म्हणावा तसा निघाला नाही, हे कबूल करतो.

तेवढ्यात आडणा सरकला आणि दार उघडलं. पन्नाशीतली बाई, धुवट पातळ, हाताला तेलवातीचा वास. आमच्याकडे बघून घाबरली नाही. “पोलीस काय? या. चपला बाहेर काढा, आत्ताच सारवलंय.” आणि खरं सांगतो, आम्ही पाचही जणांनी बूट-चपला काढल्या.

पंचनामा केला. गेलेलं काही नाही. उलट भांडी घासून पालथी, देव पुसलेले, समई लावलेली, माळ्यावर वाळवीला मारलेल्या तेलाचा वास. गुन्हा म्हणाल तर घरात बेकायदा प्रवेश, आणि तो तर डोळ्यांसमोर. पण सूर्य मावळल्यावर बाईमाणसाला अटक करता येत नाही, असा कायदा. आता हिला न्यायचं कुठं? शेवटी महिला शिपायाला रात्रभर तिथंच थांबायला सांगितलं. म्हणजे जिने घरात घुसखोरी केली तिला पोलीस बंदोबस्तात त्याच घरात झोपवून आम्ही परत आलो. 

दुसऱ्या दिवशी ठाण्यात आणल्यावर चहा दिला आणि विचारपूस सुरू केली. चोराशी बोलायची एक रीत असते, वेडसर माणसाशी बोलायची दुसरी. ही दोन्हीत बसेना.

“आत शिरलात कशा?”

“मागच्या दाराच्या फटीतून कोयती सरकवायची आणि आडणा वर उचलायचा. घरची माणसं तसंच उघडतात.”

“तुम्ही घरच्या?”

“नाही. आजींनी सांगितलं होतं.”

आजी म्हणजे मालकांची आई. म्हातारपणी मुलाने तिला रत्नागिरीत फ्लॅट घेऊन दिला आणि सांभाळायला ही चोवीस तासांची बाई ठेवली. बरीच वर्षं ही त्या फ्लॅटमध्ये राहिली. आजी अंथरुणावर पडल्या पडल्या गावच्या घराचीच गोष्ट सांगायच्या. कुठलं कौल गळतं, आडणा कसा उघडतो, देवाला कुठलं फूल लागतं. आणि रोज एकच घोर, मी गेल्यावर तिथं दिवा कोण लावणार? हिने एकदा म्हटलं, मी लावीन. आजी वारल्या, फ्लॅट विकला गेला, बाईचं काम सुटलं आणि कामाबरोबर राहायची जागाही.

“माहेरी जायचं,” मी म्हटलं.

“भाऊ मुंबईत भाड्याच्या खोलीत. तिथं त्यांनाच पाय पसरता येत नाहीत. नवऱ्यानं दुसरी केली त्याला जमाना झाला.”

“एखादी खोली बघायची.”

“एकट्या बाईला देतात होय कोणी? आणि साहेब, आमच्या कामात माणूस जिवंत तोवर घर. माणूस गेलं की दोन्ही गेलं.”

मग मधले दिवस कुठं होतात, असं विचारलं, तर म्हणाली, रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर. मी तिला मध्येच थांबवलं. या ठाण्यात येण्याआधी मी रत्नागिरी शहरातच होतो आणि स्टँडवर माझी रोजची फेरी असे. मला तिथं कधीच कुणी बेघर बाई दिसली नव्हती. “दिसेल कशी?” ती म्हणाली. “जवळ पिशवी असली की सगळ्यांना वाटतं गाडीची वाट बघते आहे. तुम्हीच एकदा विचारलं होतंत, मावशी, कुठली गाडी? मी लांजा म्हटलं. तुम्ही गेलात.”

मला आठवेना. अजूनही आठवत नाही.

मग पानांचं विचारलं. परसात फणस, शेवगा, आळू होतं, बाकी त्या पानांवर भागायचं, हे तिने सरळ सांगितलं. पुढे जे बोलली त्याने मात्र माझं डोकंच चालेना. “वाडीतली माणसं फार चांगली हो. मी आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण कुणी तोंडावर बोललं नाही, हाकललं नाही. लाज वाटू नये म्हणून गुपचूप जेवण ठेवून जायची. मीही पान धुवून ठेवायची.”

हवालदार माझ्याकडे बघायला लागला. खरं काय ते तिला सांगायला दोघांनाही जमलं नाही. पण बाहेर वाडीतली माणसं जमली होती आणि तीच बोलायला लागली. एक बाई तावातावाने, “राखणदाराचा मान खाल्लान हिनं! आमच्या हातचा भात!” शेजारीण, जिने पहिलं पान ठेवलं होतं ती, “खाल्लान तर खाल्लान. भुकेलीच व्हती ना?” आणि पाटील मला बाजूला घेऊन, अगदी काकुळतीने, “सायेब, मग माझ्या पोराची नोकरी कोणी लावली?” काय सांगू कपाळ!

बाईने खिडकीतून सगळं ऐकलं.  पुढ्यातला चहा तेवढा सरकवून ठेवला.

रात्रीच फोन केला होता, त्यामुळे दुपारपर्यंत मालक मुंबईहून रेल्वेने आले. चोर बघायला आलेले, आणि समोर ही. “मावशी, तुम्ही?” ती म्हणाली, “दादा, देवघरावरचं कौल सरकलंय. पावसाच्या आधी बघा. मला वर चढता आलं नाही.” माणूस वाईट नव्हता. डोळे भरले त्यांचे. तक्रार द्यायची नाही म्हणाले. मला वाटलं, सुटला गुंता. आता म्हणतील, राहा मावशी, लावा दिवा.

तेवढ्यात हवालदार जबाब लिहायला बसला. नाव, वय, धंदा आणि मग रा., म्हणजे राहणार. बाईने त्या घराचा पत्ता सांगितला. वाडीसकट, घर नंबरसकट. मालक ताडकन उठले. मला बाहेर नेऊन म्हणाले, “साहेब, एवढं नको. पोलिसांच्या कागदावर तिचा पत्ता म्हणून आमचं घर लागलं तर उद्या तिचा ताबा लागेल. घर सामायिक आहे. चुलतभाऊ माझ्या उरावर बसतील. घर पडलं तरी चालेल, पण आत कुणी नको, असं आमच्यात ठरलंय.”

कोकणात नोकरी केलेल्याला यात नवल नाही. कूळ लागेल, ताबा लागेल, नाव लागेल, या धास्तीने किती घरांना कुलपं आहेत ते मी बघितलंय. मालकाच्या मर्जीविरुद्ध राहत होती, तेव्हा तो पत्ता तिचा धरता येत नव्हता. हवालदाराने अशा माणसांपुढे लिहितात तेच लिहिलं: फिरस्ता.

बाईने विचारलं, “काय लिहिलंत?”

“फिरस्ता. म्हणजे ठावठिकाणा नाही.”

“काल रात्रीपर्यंत होता की,” ती म्हणाली.

मी तिची महिलांच्या निवाऱ्यात सोय लावली. तिथली माणसं चांगली होती. पण काही दिवसांनी चौकशी केली तर कुणा आजाऱ्याचं काम मिळालं म्हणून निघून गेली होती. कुठं, ते कुणाला माहीत नव्हतं.

हे सगळं ऐकून ती संशोधक मुलगी म्हणाली, “काका, काही देशांत आता उलटं करतात. आधी माणसाच्या हातात घराची किल्ली देतात, बाकीचे प्रश्न मग सोडवतात.” मी म्हटलं, आमच्या बाईने तेच केलं होतं, आणि आम्ही तिला पकडलं. मग तिने विचारलं, या बाईच्या बाबतीत कारण कुठलं धरू? नवरा? काम? वाटण्या? कायदा? मी बराच विचार केला. माझ्या नोकरीत गुन्ह्याला एक तरी आरोपी असायचा. इथं मला एकही सापडत नाही, आणि बाई तर रस्त्यावर. या प्रकरणाने काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगेन, की जिथं माझी रोजची फेरी होती तिथं मला काही दिसत नव्हतं. यापुढचं मला अजून समजलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मालकांचा फोन आला. मी निवृत्त झालो तरी नंबर ठेवला होता त्यांनी. देवघरावरचं कौल तसंच राहिलं, पाणी मुरलं आणि भिंत बसली. वाळवी आढ्यापर्यंत गेली. राखणदार कोपला म्हणून वाडीतलं कुणी उंबऱ्याला पाय लावत नाही. चुलतभाऊसुद्धा आता म्हणतात, कुणीतरी राहायला पाहिजे होतं. “साहेब,” ते म्हणाले, “मावशींचा पत्ता असेल ना तुमच्याकडे?”

“तिने सांगितला होता,” मी म्हटलं. “घ्या लिहून.” आणि त्यांच्याच घराचा पत्ता, वाडीसकट, सांगायला लागलो. घर नंबरावर आलो तेव्हा पलीकडून रडण्याचा आवाज आला. 

त्या रविवारी ते रत्नागिरीला आले. आम्ही दोघे एसटी स्टँडवर जाऊन बसलो. पिशवी घेतलेली प्रत्येक बाई निरखून बघत होतो. सगळ्याच गाडीची वाट बघत असल्यासारख्या दिसत होत्या.