लहानू, सरक

फेसआबांची पांढरी दाढी छातीपर्यंत होती, तरी सदऱ्याच्या खिशात दाढीचा ब्रश कायम. धुळ्याला महामार्गाच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये ते सोड्याची मशिनं दुरुस्त करायचे. साबणाचा फेस करून ब्रशने प्रत्येक जोडावर लावायचे आणि एकटक बघत बसायचे. फेसात बुडबुडा फुगला की तिथून गॅस गळतोय. "फेस खोटं बोलस नई, मास्तर," म्हणायचे. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलेलं.

मी मास्तर नव्हे. जळगावला एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळतो. घरी बिअर करायचा नाद लागला आणि पहिल्याच उन्हाळ्यात मेहरूणच्या आमच्या घरात तीन बाटल्या कपाटात फुटल्या. बायकोच्या वर्षभराच्या पापडांना आंघोळ घडली. "आता या घरात एक तर हे खूळ राहील, नाही तर मी," मंगलने बजावलं. बाटल्या सोडून स्टीलचा ड्रम आणि सोड्याच्या गॅसचा सिलिंडर घ्यावा, तर नव्या सामानाचा भाव ऐकूनच मला घाम फुटला. कुणीतरी म्हणालं, धुळ्याच्या आबांकडे जा, त्यांच्याकडे हॉटेलांतले थंड पेयांचे जुने ड्रम असतात. रविवारी मी एसटी पकडली.

मी सगळ्यात स्वस्त ते उचलायचो आणि आबा ते माझ्या हातातून काढून भंगारात फेकायचे. "ड्रम जुना चालस. दाब दाखवणारं घड्याळ जुनं चालस. रबर आनि नळी नवीच घ्या, तठे कंजुषी नको." माझ्या डोळ्यांत भरलेला एक चकचकीत नळ तर त्यांनी हातोडीने ठेचलाच. मी चिडलो. असा कसा हा दुकानदार, गिऱ्हाईक घ्यायला तयार आणि हा माल मोडतोय!

त्यांची आणखी एक खोड होती. कुठलाही ड्रम खोलण्याआधी ते झाकणावरची कडी ओढून आतला गॅस सोडायचे. मग डावीकडच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून हळूच म्हणायचे, "लहानू, बाजूले सरक." थोडं थांबायचे आणि मगच नटाला पाना लावायचे. पहिल्यांदा मीच सरकलो. "तुम्हाले नई," ते म्हणाले. म्हातारपण, दुसरं काय, असं मला वाटलं. घरी येऊन मंगलसमोर मी त्यांची नक्कल केली, ती पोट धरून हसली. आज त्याची लाज वाटते.

तिसऱ्या खेपेला माझा ड्रम तयार होत होता. आबा रबर आणायला आत गेले. मला एसटीची घाई. ड्रम उचलून पाहिला, हलका लागला, म्हणजे रिकामा! गॅसचे नियम तोंडपाठ असलेल्या माणसाने ड्रम हाताने तोलला, आणि ओणवा होऊन नटाला पाना घातला. मागून असा धक्का बसला की मी सरळ फरशीवर. "मरशील ना रे!" आबा ओरडले. मला ते कधी एकेरी बोलले नव्हते. त्यांनी कडी ओढली आणि गॅस किती तरी वेळ फुसफुसत बाहेर येत राहिला.

ते खाली बसले, स्टुलावर नाही, जमिनीवर. "लहानू मन्हा धाकला भाऊ. तठेच बसेल व्हता," स्टुलाकडे बोट करून ते म्हणाले. "मीच उचलीसन सांगं, हलका शे, रिकामा शे, खोल. नट उडना तो सरळ कपाळले." खिशातला ब्रश काढून त्यांनी तो परत ठेवला. "तवय सरक म्हनाले पाहिजे व्हतं. आते रोज म्हनस."

त्या दिवशी त्यांनी ड्रम दिला तो एका अटीवर. खोलताना प्रत्येक वेळी कडी ओढायची आणि 'सरक' म्हणायचं. "कुणाला?" मी विचारलं. "जो व्हई त्याले." मी हो म्हणालो. म्हाताऱ्या माणसाला म्हणतो तसं, आणि घरी फक्त कडी ओढत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात रबर बदलायला गेलो तर शेड बंद. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, आबा गेले, झोपेतच गेले. "तुम्हीच जळगावचे मास्तर ना?" म्हणत त्याने एक पुडकं दिलं. आत नवी रबरं होती आणि तो ब्रश. मी रस्त्यावर उभा राहून रडलो.

पुढच्या रविवारी ड्रम घेऊन बसलो. कडी ओढली, गॅस गेला. पाना लावला, पण हात पुढे सरेना. डावीकडे मंगलचं लसूण सोलायचं स्टूल, रिकामं. ती दारात उभी होती, आणि या वेळी हसत नव्हती.

"लहानू, बाजूले सरक," मी म्हणालो.

थोडं थांबलो. तरी हात हलेना.

"आबा, तुम्हीबी."